जुनी जीप घेताना एक्सल बघा

डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर बाजाराला आणि दवाखान्याला अजून जुनी जीपच धावते. काही गट मालासाठी तशी जीप विकतही घेतात. घेताना आपण रंग बघतो, टायर बघतो. आज जरा चाकामागं बघू.

इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा म्हणजे एक्सल. महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपला मागचा दांडा आणि चाकाचा हब वेगवेगळे असतात. दांड्याच्या निमुळत्या टोकावर हब बसवतात, खाचेत ‘चावी’ नावाचा लोखंडी तुकडा घालतात आणि वरून नट आवळतात. नट सैल झाला की हब हलतो, चावी कापली जाते. मग इंजिन ओरडतं, पण ते चाक ओढ घेत नाही. शिवाय हाच दांडा गाडीचं वजनही पेलतो. तो मोडला तर चाकच निखळू शकतं.

यावर उपाय आहे, एकसंध एक्सल. त्यात दांडा आणि चाक बसायची तबकडी एकाच तुकड्याची असते. नट-चावीची भानगडच नाही. बदलताना दोन्ही बाजू बदला, बेअरिंग आणि ऑइल सील नवीन टाका. दांड्याच्या आतल्या टोकाचे दात मोजूनच माल आणा, नाहीतर तो बसणार नाही.

एवढा खर्च झेपत नसेल तर जुनंच नीट बसवून घ्या. निमुळता भाग कोरडा, स्वच्छ हवा. नट पुस्तकातल्या मापानं आवळायचा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढं आवळायचा, मागं सोडायचा नाही.

गाडी घेण्याआधी मिस्त्रीला मागचं चाक जॅकवर उचलायला सांगा. बाकीच्या चाकांना दगड लावा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि ते डुललं, तर काम आहे. चाकाच्या आतल्या बाजूला तेल दिसलं तर सील गेलंय. तेच तेल ब्रेकवर गेलं की उतारावर ब्रेक धरत नाही.

आणि एक लक्षात ठेवा. एक्सल मजबूत झाला म्हणून ब्रेक, पाटे, चासी मजबूत होत नाहीत. माणसं आणि माल आरसी बुकात लिहिलाय तेवढाच. ड्रायव्हर म्हणाला, “बसा ताई, मावतंय,” तरी पुढच्या गाडीची वाट बघा.