शाळेतील दोन दारे

(अनसिंग, जिल्हा वाशिम, येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या सभेत झालेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो सभेत उच्चारण्याचा आपल्याकडे प्रघात नाही. हा विषय शाळेतील शौचालयाचा आहे. ज्या मुलाला जन्मतः मुलगा ठरविले गेले, पण जो स्वतःला मुलगी म्हणून ओळखतो, किंवा ज्याची स्थिती याच्या उलट आहे, त्याने मधल्या सुट्टीत कोणत्या दाराने आत जावे? अशा व्यक्तींना पारलिंगी किंवा तृतीयपंथी म्हणतात. प्रश्न क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. परंतु ते म्हणण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही.

बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना त्यांना नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तर पाणी मिळावयाचे. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच ठेवून घरी यावयाचे. शाळेत नाव होते, पाटी होती, बसावयास घरून नेलेले तरटही होते. पण देहाची साधी गरज भागविण्याचा हक्क नव्हता. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यालो, ते काही आपल्या गावी पाणी नव्हते म्हणून नव्हे. माणूस म्हणून समान आहोत, हे सिद्ध करण्यासाठी ते पाऊल होते.

आता शाळेकडे पाहा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत मुलांसाठी व मुलींसाठी स्वतंत्र शौचालय असावे असे ठरविले. मुलींच्या शिक्षणासाठी ते आवश्यकच होते. परंतु या दोन दारांपैकी एकावर ज्याची टवाळी होते आणि दुसऱ्यावरून ज्याला हाकलतात, ते मूल काय करते? ते दिवसभर पाणी पीत नाही. लघवी रोखून धरते, आजारी पडते, आणि एके दिवशी शाळाच सोडते. त्याचे नाव कोणी कमी केलेले नसते. ते आपोआप कमी होते.

आपल्या धम्मग्रंथात या दुःखाची नोंद आहे. चुल्लवग्गात अशी हकीकत आहे की, भिक्खू पूर्वी वडीलकीच्या क्रमाने शौचकूपात जात. नवा भिक्खू आधी आला तरी त्याला थांबावे लागे. वेग रोखून धरल्याने असे भिक्खू मूर्च्छित होऊन पडू लागले. तथागतांना हे कळले तेव्हा त्यांनी नियम केला की, तेथे वडीलकी पाहू नये; जो प्रथम येईल त्याने प्रथम जावे. त्याच विनयपिटकात एका भिक्खूच्या देहाचे लिंग पालटून तो स्त्री झाल्याची कथा आहे. भगवंतांनी तिला संघाबाहेर घालविले नाही. तिची उपसंपदा व वर्षे कायम ठेवून तिला भिक्खुणींमध्ये राहण्याची अनुज्ञा दिली. विनयात पण्डकाला उपसंपदा नाकारणारा नियमही आहे. तो लपविण्याचे कारण नाही. बुद्धिवादी मनुष्य ग्रंथातील प्रत्येक अक्षर डोक्यावर घेत नाही. करुणा आणि समता यांच्या कसोटीवर ते घासून पाहतो.

कायदाही गप्प नाही. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना राज्यघटनेचे मूलभूत हक्क आहेत असा निर्णय दिला आणि त्यांच्यासाठी सार्वजनिक शौचालयांची सोय करण्यास सरकारला सांगितले. 2019 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत त्यांच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली. 2021 साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शिक्षकांसाठी या विषयावर पुस्तिका काढली. पण आक्षेप येताच ती मागे घेतली गेली. हक्क कागदावर येतो आणि दारापाशी अडतो, हा आपला जुना अनुभव आहे.

कोणी म्हणेल, अशा मुलांसाठी कोपऱ्यात निराळी खोली बांधा म्हणजे झाले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात गॅव्हिन ग्रिम नावाच्या विद्यार्थ्याला असेच निराळे काढले गेले. तो न्यायालयात गेला. 2020 साली निकाल त्याच्या बाजूने लागला, व 2021 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिल्याने तो कायम राहिला. तेथील काही राज्यांनी मात्र उलट कायदे केले आहेत. सक्तीने दिलेली निराळी खोली म्हणजे काय, हे निराळ्या पाणवठ्यावर पाणी भरलेल्या समाजाला सांगावयास नको.

दुसरे कोणी म्हणतील, आमच्या मुलींच्या सुरक्षिततेचे काय? ही चिंता खरी आहे. तिची थट्टा करू नये. तिचे उत्तर आतून कडी लागणारे पूर्ण दार, पाणी, उजेड आणि शिक्षकांचे लक्ष हे आहे. एकेकट्याने वापरावयाची अशी खोली सर्वांना खुली असावी. ती पारलिंगी मुलाला उपयोगी, अपंग मुलाला उपयोगी आणि लाजाळू मुलालाही उपयोगी. सर्वांची असेल तर तिच्यावर कलंक बसत नाही.

बंधूंनो, हे काम दिल्लीला व्हावयाचे नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत असे कायदा सांगतो. त्या पालकांत आपण आहोत. पुढच्या बैठकीत हा विषय मांडा. आणि त्याही आधी घरात मांडा. कारण अशा मुलाला पहिला धक्का बहुधा आपल्याच उंबरठ्यावर बसतो. आपल्याला कोणी दारात उभे केले नाही, तेव्हा आपण दीक्षा घेऊन नवे घर उभारले. त्या घराच्या दारात आपण कोणाला उभे करून ठेवणार असू, तर आपण काय सोडले आणि काय स्वीकारले?

जय भीम.