चावी सोडा, पाना धरा
(रेडिओवरील भाषण)



गाडीचं जुनं इंजिन उतरवलं, दुसरं बसवलं, ऑइल-पाणी भरलं, बॅटरी जोडली, चावी फिरवली आणि इंजिन जागचं हललंच नाही. एक 'टक्' असा आवाज, कधी तेवढाही नाही. आज मला फक्त या एका अडचणीबद्दल बोलायचं आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला मी मुलांना शिकवत आलो, आणि या वेळी माणसं जी घाई करतात तिच्यामुळं चांगली इंजिनं मोडलेली मी पाहिली आहेत.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न पुष्कळांच्या पोटाशी बांधलेला आहे. तुळजापूरला भाविक आणणाऱ्या गाड्या, उमरगा-नळदुर्गाकडून सोलापूर रस्त्यावर धावणाऱ्या जीपा, भूम-परंड्याकडं दूध आणि भाजी वाहणारे पिकअप. यातली बरीच वाहनं इतकी चालतात की बॉडी शाबूत असते आणि इंजिन थकतं. त्यात आणखी एक गोष्ट घडली. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावला बनत होतं. याच रचनेचं इंजिन २००७ मध्ये स्विफ्टमध्ये आणि २००८ मध्ये डिझायर आणि इंडिका व्हिस्टामध्ये आलं. भाड्याच्या गाड्यांनी तर ते डोक्यावर घेतलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले आणि मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या. गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत. म्हणून मालक कुर्ल्यासारख्या जुन्या मालाच्या बाजारातून हाफ किंवा फुल इंजिन आणतो, इथं बसवून घेतो. नवरात्र तोंडावर आलेलं असतं, हप्ता थकलेला असतो, आणि अशा वेळी इंजिन फिरत नाही. त्या माणसाचा चेहरा मला बघवत नाही.

मग काय होतं? सेल्फ मारत राहतात. दुसरी बॅटरी आणून जोडतात. चार पोरं धक्का मारतात. शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून ओढतात. माझी हात जोडून विनंती आहे, हे करू नका. इंजिन का फिरत नाही हे कळण्याआधी त्याला जोरानं फिरवणं म्हणजे दुरुस्ती होण्याजोगा दोष कायमचा करणं. ट्रॅक्टर दया दाखवत नाही. आत काही अडलेलं असेल, तर जे कमजोर असेल ते वाकतं.

आपल्या वडीलधाऱ्यांना ही अडचण आली नसती. विहिरीवरचं किर्लोस्करचं डिझेल इंजिन आठवा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला सुरू झाली, आणि गावात वीज येण्याआधी कितीतरी विहिरींवर असंच इंजिन पाणी उपसत होतं. ते लावताना माणूस आधी डीकॉम्प्रेशनची मूठ उचलायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहून आतला दाब निघून जायचा. मग हँडल घालून इंजिन फिरवायचा, वेग आला की मूठ सोडायचा. इंजिन मोकळं आहे की अडतंय हे त्याच्या मनगटाला आधी कळायचं. जीपला आणि अँबॅसॅडरलाही पुढून हँडल लागायचं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी तंत्रज्ञाचा विजेवरचा सेल्फ १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत आला आणि हळूहळू हँडल गेलं. सोय मोठीच झाली, पण हाताला जे कळत होतं ते बंद झालं.

ते आजही परत मिळवता येतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गिअर न्यूट्रलला आहे ना, ते हलवून खात्री करा. मग क्रँकच्या पुढच्या पुलीवर मधोमध जो मोठा बोल्ट असतो, त्याला नीट बसणारं सॉकेट आणि लांब दांड्याचा रॅचेट लावा. पुलीसमोर उभं राहिलं की बहुतेक गाड्यांचं इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतं, त्याच दिशेनं सावकाश फिरवा. डिझेल इंजिनाचा दाब जास्त, म्हणून हीटर प्लग काढून घेतले तर काम हलकं होतं. तिथं मात्र घाई नको, गंजलेला प्लग हेडमध्येच तुटतो. पुरते दोन फेरे द्या. फोर स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होतं, एका फेऱ्यावर थांबलात तर अर्धीच परीक्षा झाली.

इंजिन हातानं फिरलं, तर आनंद माना. इंजिन शाबूत आहे, दोष विजेचा आहे.

आणि विजेचा दोष असेल तर सगळ्यात आधी अर्थिंग बघा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, रबरातून वीज जात नाही. म्हणून बॉडीपासून किंवा बॅटरीपासून इंजिनाला एक जाड विणलेली पट्टी किंवा केबल जोडलेली असते. इंजिन उतरवताना ती सुटते, बसवताना खाली लोंबकळत राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तुळजापूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात मी एक जुनी जीप पाहिली. चावी फिरवली की दिवे मंद व्हायचे, सेल्फ कण्हायचा आणि थांबायचा. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. मी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला बोट लावलं तर चटका बसला, तिच्या प्लॅस्टिकच्या वेष्टणाला वास सुटला होता. सेल्फला लागणारे शे-दोनशे अँपिअर त्या बिचाऱ्या बारीक तारेतून वाट काढत होते. अर्थिंगची पट्टी मागं चॅसिसवर बोल्टसकट तशीच होती. रंग खरवडून, बोल्ट कसून ती जोडली आणि पहिल्या चावीला इंजिन फिरलं. मल्टिमीटर असेल तर बोट लावायचीही गरज नाही. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्टच्या आत आकडा राहिला तर अर्थिंग चांगलं. दोन-चार व्होल्ट दाखवले, तर दोष सापडला.

बाकी मग बॅटरी. भरलेली बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. सेल्फच्या बारीक वायरीची पिनही गिअरबॉक्सच्या बाजूला दडलेली असते, ती जोडायची विसरलेली आढळते.

आता जे कठीण आहे त्याकडं येतो. हातानं फिरवलं आणि फिरलं नाही. इथं कसं अडतं ते बघायचं. जरा फिरून एकाच जागी ठक्क थांबतं, मागं मोकळं येतं, पुन्हा तिथंच थांबतं, असं असेल तर आत काहीतरी आडवं येतंय. टायमिंग चुकून व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल, किंवा फ्लायव्हीलला लांब बोल्ट पडून तो मागं घासत असेल. किंवा सिलिंडरमध्ये पाणी असेल. पाण्याची गोष्ट ड्रायव्हर मंडळींना खोटी वाटते, म्हणून हिशेब सांगतो. या १.३ लिटरच्या इंजिनाचं माप १२४८ सीसी, चार सिलिंडर, म्हणजे एकाला ३१२. ते हवा साधारण १७-१८ पट दाबतं. पिस्टन वर टेकला की वर जागा उरते ती २० मिलीच्याही आत, चार छोटे चमचे. इंजिन महिनाभर पावसात उघड्या तोंडानं पडलेलं असेल, तर तेवढं पाणी सहज जातं. हवा दबते, पाणी दबत नाही. हीटर प्लग लावलेलेच ठेवून ट्रॅक्टरनं ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. तेच प्लग काढून, इंजेक्टरची सॉकेटं सोडवून, वर फडकं टाकून, बाजूला उभं राहून हातानं फिरवलं, तर पाणी नुसतं बाहेर उडतं. खर्च शून्य.

सुरुवातीपासून अजिबात हलत नसेल, तर गिअरबॉक्सचे बोल्ट तीन-चार आटे सैल करून पुन्हा फिरवा. सैल करताच इंजिन सुटलं, तर क्लच प्लेट मधोमध बसलेली नाही, किंवा शाफ्ट नीट आत न जाता बोल्टच्या जोरावर ओढून आणला आहे. गिअरबॉक्स हातानं इंजिनाला पूर्ण टेकला पाहिजे, बोल्ट फक्त धरायला असतात.

आणि फेराभर सगळीकडं सारखंच जड जात असेल, तर नव्यानं बांधलेल्या इंजिनात बहुधा बेअरिंगचा दोष. प्रत्येक कॅप आपल्याच जागी, आपल्याच दिशेनं बसवायची असते. एक कॅप टॉर्क पान्यानं कसली की क्रँक फिरवून बघायचा, मगच दुसरी. मिस्त्री हे करत असेल तर त्याला वेळ द्या, त्याच्या डोक्यावर उभं राहू नका.

गॅरेजवाल्यांना आणि मालकांना दोघांनाही सांगतो, ही परीक्षा इंजिन विकत घेतानाच दुकानासमोर करा. पाना सोबत न्या. चांगला विक्रेता नाही म्हणणार नाही. पावतीवर इंजिन नंबर लिहून घ्या, ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत मागा. आपल्या एमएच-२५ च्या आरसीवरही जुनाच नंबर आहे, तो बदलून घ्यायचा असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये हे आहे. मंजुरीशिवाय इंजिन बदललं असेल तर कळवायला १४ दिवसांची मुदत आहे. अपघात झाला आणि नंबर जुळला नाही, तर विम्याचं काय करायचं हा प्रश्न घरच्या बाईमाणसांवर पडतो.

शेवटची एक गोष्ट, इंजिन फिरायला लागल्यावरची. लगेच सुरू करू नका. इंजेक्टरची सॉकेटं सुटलेली राहू द्या आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारून, मध्ये विश्रांती देत, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थांबा. दिवा विझला म्हणजे ऑइल बेअरिंगपर्यंत पोचलं. मग सॉकेटं लावा आणि गाडी सुरू करा.