सगळ्यात भारी फोटो, जो मी टाकला नाही

गेल्या भागात मी म्हटलं होतं, उजनीला कयाक घेऊन चाललोय. त्यावर बऱ्याच जणांचे मेसेज आले, "फोटो कुठायत?" फोटो आहेत, तीनशेच्या वर आहेत. त्यातला सगळ्यात भारी मी टाकलेला नाही. आज त्याचंच सांगते.

मेचा शेवटचा आठवडा. मी आणि माझी मैत्रीण, गाडीच्या टपावर दोघींचा कयाक, पहाटे साडेतीनला पुणे सोडलं. सोलापूर रोडने भिगवण साधारण शंभर किलोमीटर. भिगवण म्हटलं की लोकांना हिवाळा आणि रोहित पक्षी आठवतात. उन्हाच्या कडाक्यात तिथं कोण जातं? म्हणूनच तर गेलो! सगळं पाणी आपलंच.

उजनी धरणाची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. पाणी त्याच्याही खाली गेलं की बातम्यांत येतं, 'उजनी मायनसमध्ये'. माणसांसाठी ती वाईट बातमी. पण पाणी उतरतं तशी भीमेच्या पात्रात गाळा-वाळूची बेटं उघडी पडतात, आणि त्यावर नदी सुरय अंडी घालतो. पिवळीधमक चोच, काळी टोपी, शेपटी दुभंगलेली. घरटं म्हणजे वाळूत केलेला नुसता खळगा. ठिपकेवाली दोन-तीन अंडी, पायाखाली आली तरी कळणार नाहीत अशी.

कयाकमधून फोटो का भारी येतात, तर तुम्ही पाण्याला टेकून बसलेले असता. पक्ष्याच्या डोळ्यासमोर तुमचा डोळा. मोबाइलवाल्यांनीही हे करून बघा, हात खाली न्या, फोटो एकदम बदलतो. कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/२००० ठेवला होता, कारण कयाक हलतो, पक्षी हलतो आणि आपण तर हलतोच. मोबाइल वॉटरप्रूफ पाउचमध्ये. लाइफ जॅकेट अंगात, गाडीत नाही.

तर झालं असं, की एका बेटाजवळ वल्हं थांबवून आम्ही नुसत्या वाहत चाललो होतो. आवाज नाही, काही नाही. मला वाटलं, आपण किती शहाण्या, पक्ष्यांना पत्ताही नाही! तेवढ्यात एक सुरय ओरडत थेट माझ्या डोक्यावर आला. पंख पसरलेले, चोच उघडी, मागून कोवळं ऊन. मी बोट दाबूनच ठेवलं. तो परत आला, मग अजून दोन आले. मी खूश! मैत्रीण म्हणाली, "अगं, पुरे आता." मी म्हटलं, "थांब गं, दोनच मिनिटं."

दोनाची दहा झाली. लांबून एक मच्छीमार काका होडी वल्हवत आले. चिडले नव्हते. म्हणाले, "ताई, मागं घ्या. अंडी हायती तिथं. तुमी फोटू काढताय, तिकडं अंडी भाजत्यात."

मला आधी कळलंच नाही. मेच्या उन्हात वाळू तव्यासारखी तापते. अंड्यांवर सावली धरायला पक्षी तिथं बसलेला लागतो. तो पाण्यात पोट भिजवून येतो आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवतो. तो माझ्या डोक्यावर घिरट्या घालत होता, म्हणजे तेवढा वेळ अंडी उघडी होती. मोटरबोट उथळ पाण्यात अडते. कयाक चार बोटं पाण्यातही जातो, म्हणजे जिथं जाऊ नये तिथं आधी आपणच पोहोचतो.

आम्ही मुकाट मागे आलो. काका म्हणाले, "दुपारी थांबू नका, वारं सुटतं." मे २०२४ मध्ये याच जलाशयात कळाशी आणि कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, ते आठवत असेल तुम्हाला. साडेनऊला आम्ही काठावर होतो. लांबून बघितलं तर सुरय बेटावर उतरले होते. अंड्यांचं काय झालं, मला माहीत नाही.

फोटो अजून फोनमध्ये आहे. चोच उघडी असलेला. दाखवला त्या प्रत्येकाने विचारलं, "कसला ॲटिट्यूड आहे! हे नक्की कुठलं बेट?" मी लोकेशन दिलं नाही.