ब्रह्मदेशातले शांतता करार : सह्या झाल्या, पण कोणाच्या?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी ‘ब्रह्मदेश’ म्हटलं, तर ते हसले. म्हणाले, बेळगावात बसून ब्रह्मदेश कशाला? मी म्हटलं, लोकमान्य मंडालेच्या तुरुंगातून १९१४ साली सुटले आणि १९१६ साली होमरूल लीग स्थापन केली ती आपल्या बेळगावातच. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा रत्नागिरीत वारला, तोही १९१६ सालीच. तेव्हा तो देश आपल्याला अगदीच परका नाही.

मी राजकारणाचा अभ्यासक नाही. बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून आहे. आमच्या काउंटरवर चेक आला की रकमेइतकीच सही बघावी लागते. खातं दोन सह्यांचं असेल आणि सही एकच असेल, तर चेक कितीही सुंदर अक्षरात लिहिलेला असो, तो परत जातो. ब्रह्मदेशच्या, म्हणजे आताच्या म्यानमारच्या, शांतता वाटाघाटींबद्दल वाचताना मला सारखा हाच नियम आठवत राहिला.

त्या देशात बहुसंख्य बर्मी लोक मधल्या सखल प्रदेशात आहेत आणि सीमेच्या कडेनं शान, काचिन, कारेन, चिन, मोन, राखाइन असे समाज आहेत. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पांगलाँग गावी आँग सान यांनी शान, काचिन आणि चिन पुढाऱ्यांशी करार केला. तुम्ही आमच्याबरोबर स्वतंत्र व्हा, तुमच्या भागाचा अंतर्गत कारभार तुमच्याकडे राहील, असा त्याचा आशय. कारेन तिथं नुसते निरीक्षक म्हणून होते. पाच महिन्यांनी, १९ जुलैला, आँग सान यांचा खून झाला. शब्द देणाराच गेला! १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि पांगलाँगचा कागद कपाटात गेला.

आता काचिनांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं मर्म तिच्यात आहे. १९९४ साली त्यांच्या संघटनेनं लष्करी सरकारशी युद्धविराम केला. बंदुका त्यांच्याकडेच राहिल्या, व्यापाराला मोकळीक मिळाली. राजकीय हक्कांचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : आम्ही तात्पुरतं सरकार, घटना होऊ द्या, मग बोलू. काचिन थांबले. २००७ साली त्यांनी घटनेसाठी १९ मुद्दे लेखी दिले, त्यांची दखल घेतली गेली नाही. २००८ ची घटना आली. तिच्यात संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला, संरक्षण, गृह आणि सीमा खात्यांचे मंत्री सरसेनापतीच्या पसंतीचे, आणि मुख्य कलमं बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं. २००९ साली वर निरोप आला की आता तुमची फौज आमच्या हाताखालचं सीमारक्षक दल करा. काचिनांनी नकार दिला. जून २०११ मध्ये, म्हणजे थेन सेन यांचं नागरी सरकार येऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, १७ वर्षांचा युद्धविराम मोडला.

गंमत पुढेच आहे. गंमत म्हणायचं, पण माणसं मरत होती. डिसेंबर २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी काचिन भागातली चढाई थांबवण्याचा आदेश काढला. लढाई थांबली नाही. वर्षभरानं तर लायझाजवळ विमानांतून हल्ले झाले. ज्याचा आदेश त्याचंच लष्कर ऐकत नाही, त्याच्या सहीवर समोरच्यानं बंदूक खाली ठेवायची?

तरीही त्या सरकारनं मनापासून प्रयत्न केले, हे मान्य करायला हवं. मंत्री आँग मिन गटागटांकडे जाऊन बसले. जानेवारी २०१२ मध्ये कारेनांशी युद्धविराम झाला. मग सर्वांसाठी एकच मसुदा लिहिणं सुरू झालं आणि ३१ मार्च २०१५ रोजी त्यावर एकमत झालं. जो शब्द लष्कराला फुटीरपणाचा वाटायचा, तो ‘संघराज्य’ त्यात आला. पण राखाइन, ताआंग आणि कोकांग या तीन गटांना लष्करानं सहीला येऊ दिलं नाही. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी आठच संघटनांनी सह्या केल्या. भारतातर्फे साक्षीदार म्हणून अजित डोवाल हजर होते. काचिन आणि वा, ज्यांच्या फौजा मोठ्या, ते बाहेर राहिले.

नंतर आँग सान स्यू ची आल्या. वडिलांच्या स्मृतीनं त्यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये ‘एकविसाव्या शतकातलं पांगलाँग’ भरवलं. २०१७ च्या बैठकीत ३७ मुद्दे मंजूर झाले. पण ‘कधीही फुटणार नाही’ असं आधी लिहून द्या, आणि देशात लष्कर एकच राहील हे मान्य करा, या लष्कराच्या अटींवर गाडी अडली. तारण आधी द्या, कर्जाचं नंतर बघू, असाच हा प्रकार. सशस्त्र गटही काही संत नव्हते. करारात आलेली शानांची एक संघटना आणि बाहेरचे ताआंग आपसात लढत होतेच.

शेजारी आपल्या मिझोरामचं उदाहरण बघा. ३० जून १९८६ रोजी मिझो करारावर केंद्राच्या वतीनं गृहसचिव राम प्रधान यांनी सही केली. आपला मराठी माणूस, त्याच दिवशी निवृत्त होणारा. सही एका सनदी अधिकाऱ्याची, पण मागे निवडून आलेलं सरकार होतं आणि लष्कर त्या सरकारचं ऐकणारं होतं. मुख्यमंत्री लाल थनहावला यांनी लालडेंगांसाठी खुर्ची सोडली, १९८७ साली राज्य मिळालं. तो करार टिकला.

समित्या आणि आश्वासनं आपल्यालाही नवी नाहीत, म्हणून कुणी आपली तुलना त्यांच्याशी करील. ती करू नये. आपला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, हातात फक्त कागद आहेत.

१ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं स्यू चींना अटक करून सत्ता घेतली. कारेन आणि चिन संघटनांनी करार संपल्याचं मानलं, काही गट मात्र २०२२ मध्ये बोलणी करायला राजधानीत गेले. ज्या तिघांना सहीला बोलावलं नव्हतं, त्यांनीच २७ ऑक्टोबर २०२३ रोजी एकत्र हल्ला चढवला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोकांग गटानं लाशियो शहर आणि तिथलं लष्कराचं विभागीय मुख्यालय घेतलं. मग चीन मध्ये पडला आणि एप्रिल २०२५ मध्ये ते शहर लष्कराकडे परत गेलं. या व्यवहारात लाशियोच्या लोकांची सही कुठं घेतल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही.

चहा तयार आहे असं खूण करून सांगताहेत. इथं थांबतो.