कळवळा आणि सेवा : कुमारवयाचा विचार



दुसऱ्याचे दुःख पाहून अंतःकरण द्रवणे ही अनुकंपा, आणि त्या दुःखाच्या निवारणार्थ हात पुढे होणे ही सेवा. पहिली असली की दुसरी आपोआप घडते, असा सर्वसाधारण समज आहे. कुमारवयीन मुलामुलींच्या बाबतीत हा समज पारखून घेणे अगत्याचे होय. कारण स्वभावाला वळण लागण्याचे वय तेच.

लहान मूल समोरचे अश्रू पाहून कळवळते आणि अश्रू थांबले की विसरते. पुढे दृष्टी विस्तारते. मार्टिन हॉफमन या मानसशास्त्रज्ञाच्या मते, या सुमारास मुलाला दुसऱ्याच्या क्षणिक दुःखापलीकडे त्याच्या अवघ्या जीवनस्थितीची जाणीव होऊ लागते. वर्गातील सोबती आज उपाशी आहे एवढेच नव्हे, तर पाऊस न झाल्याने त्याचे आईबाप ऊसतोडीला गेले आहेत, हेही त्यास उमगते.

तथापि जाणीव झाली म्हणजे कृती घडतेच असे नाही. दुःखाच्या दर्शनाने मनात दोन निराळ्या वृत्ती उठतात. एक, दुसऱ्याविषयीचा कळवळा. दुसरी, स्वतःच्याच जिवाची घालमेल. डॅनियल बॅटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, निघून जाण्याची वाट मोकळी असता घालमेल झालेले बहुतेक निघून गेले. कळवळा असलेले बहुतेक मदतीस थांबले. म्हणून तोंड फिरविणारा मुलगा निष्ठुरच असतो असे नव्हे. कित्येकदा त्यास ते दुःख सोसवत नाही, कित्येकदा सवंगडी हसतील ही भीती असते, आणि पुष्कळदा नेमके काय करावे हेच ठाऊक नसते.

अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवरील प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. वाटेत विव्हळत पडलेल्या मनुष्याजवळून त्यांस जावे लागे. सवड असलेल्यांपैकी शेकडा ६३ जणांनी मदत केली. उशीर झाला असे ज्यांस सांगितले होते, त्यांच्यापैकी शेकडा १० जणांनीच. काही जण तर परोपकाराच्या दृष्टांतावर प्रवचन करावयास निघाले होते, परंतु त्या विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही! प्रवचने ऐकणाऱ्यांनी आणि करणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे.

कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचे (१७४६–१८२२) चरित्र येथे मार्गदर्शक ठरते. शेतावर उतरलेल्या पाखरांस त्यांनी हाकलले नाही, उलट पाणी ठेविले, अशी कथा भाविक सांगतात. ही झाली अनुकंपा. परंतु त्यांचे थोरपण एवढ्यावर संपत नाही. त्यांनी दासोहाचा नेम चालविला. आलेल्यास अन्न मिळावयाचे, मग त्या दिवशी वाढणाऱ्याचे मन द्रवलेले असो वा नसो. कळवळा येतो नि ओसरतो. नेम त्यास धरून ठेवितो.

शिवाय कळवळा सहसा आपल्या माणसांकडे ओढ घेतो. आपली जात, आपली गल्ली, आपली भाषा यांच्या कुंपणापाशी तो थबकतो. बिदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात, जेथे एकाच ओसरीवर मराठी, कन्नड व दखनी बोल ऐकू येतात, तेथे ही उणीव विशेष जाणवते. पंगतीत सर्वांस वाढणारा मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत डबा उघडताना जात पाहून बसत असेल, तर त्याची सेवा अद्याप पंगतीपुरतीच आहे.

यास्तव मुलांस नुसता उपदेश न करता नेमून दिलेले काम द्यावे. जत्रेत पाणी देणे, अंध वृद्धास वाचून दाखविणे, धाकट्यांचा अभ्यास घेणे. अशी कामे लहान असावीत, परंतु नित्य असावीत. काम दोघातिघांनी मिळून करावे, म्हणजे चेष्टेची भीती उरत नाही. सायंकाळी वडीलधाऱ्यांनी "किती वाढलेस?" याऐवजी "आज कोणाला काय हवे होते?" एवढेच विचारावे. या प्रश्नाने हातांचे काम पुन्हा हृदयापर्यंत पोहोचते. कळवळ्याने सेवा सुरू होते हे खरेच. परंतु नित्य सेवेने कळवळा वाढतो, हेही तितकेच खरे.

वर्धापनाचा उत्सव मांडव उतरला की संपेल. त्यानंतर एखादा कुमार वाटेत घाई असूनही क्षणभर थांबला, तर उत्सव सार्थकी लागला असे समजावे.