बेटीव्यवहार केव्हा थांबला?



आजच्या विषयाचा आणि गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांचा खरोखरच संबंध आहे. 1966 साली अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत टॉमस ब्रॉक यांना एक जिवाणू सापडला. त्याचे विकर नव्वद अंशांच्या वर तापवले तरी टिकून राहते. पुढे तेच पीसीआरच्या कामी आले आणि डीएनएच्या कणभर अंशाच्या कोट्यवधी प्रती काढता येऊ लागल्या. जुन्या हाडांतून पूर्वज वाचण्याच्या विद्येला अशी गरम पाण्याची पुण्याई आहे. तानसेकाठच्या या कुंडांत भाविकांखेरीज आणखी कोण राहते, हे इथल्या एखाद्या विद्यार्थ्याने जरूर तपासावे.

‘आपण मूळचे कोठले’ ही महाराष्ट्राची जुनी खोड आहे. जोतीरावांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त भटांना इराणातून आणले, टिळकांनी 1903 मध्ये आर्यांचे घर थेट उत्तर ध्रुवापाशी नेले. हेतूंत जमीनअस्मानाचे अंतर, पण दोघांचा आधार ग्रंथ आणि तर्क हाच. तिकडे इंग्रज अधिकारी रिस्लेसाहेब नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावत होते.

या मोजमापाच्या काळात एक मराठी बाई बर्लिनला गेल्या. 1920 च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. गोऱ्यांची कवटी विशेष प्रकारे असमान असते आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचे रहस्य आहे, अशी तिथली धारणा. इरावतीबाईंना वंशागणिक तसा फरक सापडला नाही, आणि सापडला नाही असेच त्यांनी प्रबंधात लिहिले. हे फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचे आधारस्तंभ झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नकाराचे मोल कळते. पुण्यात परतल्यावर बाईंनी मोजपट्टी टाकली नाही, प्रश्न बदलला. कुंभार म्हणवणाऱ्या सगळ्या जाती एकाच कुळातून फुटल्या असे का मानायचे? त्या मुळात वेगळ्या असतील, धंद्याने एका नावाखाली आल्या असतील.

त्याच्याही आधी, 9 मे 1916 रोजी, कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातींवरचा निबंध वाचला होता. भारतातले लोक वंशाने मिसळलेलेच आहेत, असे त्यांनी मांडले. जात उभी राहिली ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनातून. आधी मिसळण, मग कुंपण. माझ्या मते या विषयावर एवढे नेमके वाक्य पुढची कित्येक दशके कोणी बोलले नाही.

2013 मध्ये हैदराबाद आणि हार्वर्डच्या संशोधकांनी भारतीय उपखंडातल्या 73 समूहांचा डीएनए तपासून निष्कर्ष काढला: उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या पूर्वजांची मोठी मिसळण साधारण 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वी झाली आणि त्यानंतर बेटीव्यवहार आटला. या मिसळणीतून भिल्लही सुटलेले नाहीत आणि ब्राह्मणही. नाकाच्या मापांना जे कधी दिसले नसते, ते रक्ताने सांगितले.

राखीगढी या हडप्पाकालीन स्थळाचा गाजावाजा आपल्याला आठवत असेल. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी 61 नमुने तपासले. उष्णतेने डीएनए विरलेला, उपयोगी पडला तो एकाच स्त्रीचा. सप्टेंबर 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार तिच्यात स्टेप या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. त्याच दिवशी दुसऱ्या निबंधाने सांगितले की तो अंश भारतात इसवी सनापूर्वी 2000 ते 1500 च्या सुमारास आला. दोन्हींवर कित्येक नावे सामाईक. दोन्ही विधाने एकमेकांत बसतात. तरी आपल्याकडे अर्ध्यांनी पहिले कापून ठेवले, अर्ध्यांनी दुसरे. आफ्रिकेतून निघालेल्या माणसाची गोष्ट मात्र कोणालाच नको असते. तीत कोणी मूळ मालक ठरत नाही.

मला राखीगढीपेक्षा परळ-दादरकडे जास्त लक्ष द्यावेसे वाटते. 1952 साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक अनोखा रक्तगट नोंदवला. जग त्याला बॉम्बे रक्तगट म्हणते. नेहमीच्या चाचणीत तो ‘ओ’ म्हणून निघून जातो, पण ‘ओ’चे रक्त दिले तर जीव धोक्यात येतो. आई आणि वडील दोघांकडून तोच बिघडलेला जनुक आला तरच तो प्रकटतो, आणि नात्यागोत्यात लग्ने होत राहिली की तशी गाठ पडण्याचा संभव वाढतो. 2017 च्या पाहणीत दक्षिण आशियातल्या अडीचशेहून अधिक गटांपैकी 81 गटांत मूठभर पूर्वजांचा ठसा, तो ज्यांच्यात ठळक आहे त्या फिनलंडच्या लोकांहूनही, गडद निघाला. असे ठसे नुसते इतिहासाचे नसतात, त्यांत आजारही येतात. ‘स्वजातीय स्थळ हवे’ अशी जाहिरात देणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

तेव्हा संमेलनाच्या उद्याच्या समारोपात ठराव मांडायचाच असेल, तर आर्यांच्या गावाचा नको. या परिसरातल्या वारली आणि कातकरी पाड्यांवर कोणी रक्ताचे नमुने घेतले, तर ते कशासाठी हे त्यांच्याच बोलीत आधी सांगावे आणि अहवालही त्यांच्यापर्यंत पोहोचवावा. पती-पत्नी दोघेही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, हे लग्नाआधी समजावणारी चार पानांची पुस्तिका आपल्यातल्याच लेखकांनी लिहावी. मसुदा करायला मी आज दुपारी मोकळा आहे.