देवापुढचे कासव

(जीर्णोद्धार समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



देवळात शिरले की गाभाऱ्याच्या आधी कासव लागते. लोक त्याला हात लावून नमस्कार करतात व पुढे जातात. ते तिथे का, याचे एक उत्तर कूर्मावतार असे देतात. दुसरे गीतेत आहे. दुसऱ्या अध्यायाच्या ५८ व्या श्लोकात म्हटले आहे की, कासव जसे आपले अवयव आत ओढून घेते, तसा स्थिर बुद्धीचा मनुष्य विषयांपासून इंद्रिये आवरून घेतो. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी हीच उपमा मराठीत आणली.

ज्याला उपमा द्यायची ते उपमेय, ज्याची द्यायची ते उपमान, आणि दोहोंत सारखा असलेला गुण तो साधारण धर्म. घोटाळा होतो तो या तिसऱ्यापाशी. कासव हळू चालते, त्याची पाठ कठीण असते. गीतेला त्यातले काही नको. तिने फक्त अंग आवरणे उचलले. संतांनी त्याच प्राण्याचे दुसरे काही घेतले. कासवी दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने पिल्ले वाढवते, तसा देव भक्ताला सांभाळतो. आता रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर पाहिले, तर समुद्रकासवी वाळूत अंडी घालून निघून जाते. पिल्ले बाहेर येतात तेव्हा आई जवळ नसते. म्हणून दृष्टान्त खोटा पडत नाही. संतांना प्राणिशास्त्र शिकवायचे नव्हते, दुरून होणारी कृपा सांगायची होती.

घरात मात्र हा विवेक सुटतो. 'मुलगी गाईसारखी गरीब आहे' असे लग्न जमवताना सांगतात. ही उपमा, 'सारखी' या शब्दाने थोडे अंतर तरी राखलेले असते. सासरी त्याचे रूपक होते: 'सून म्हणजे गाय!' अंतर गेले. म्हणणाऱ्याच्या मनात शांत स्वभाव असेलही, पण ऐकणारे गाईचा मुकेपणाही उचलतात, आणि बांधले तिथे उभे राहणेही. मग ती एखादे दिवशी बोलली, की बिघडली म्हणायला सगळे मोकळे.

वास्तविक नुकत्याच व्यालेल्या गाईच्या वासराला परक्याने हात लावून पाहावा! ती शिंगे रोखून अंगावर येते, हे गोठा असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. संतांनी गाय-वासराचा दृष्टान्त वारंवार दिला, तो तिच्या या धावून येण्यासाठी, दाव्यासाठी नव्हे.